केळ्याला पाय फुटले

अ‍ॅनिमेशन शिकायला आता पैसे लागत नाहीत असं जे कोणी सांगतं ना, त्याला मे महिन्यात रावेरला आणून बसवा, भर दुपारी, पत्र्याच्या खोलीत, मांडीवर लॅपटॉप देऊन. फुकट सगळं आहे हो, खोटं नाही. थ्रीडी करायचं ब्लेंडर सॉफ्टवेअर फुकट, चित्रं काढायचं क्रिटा फुकट, टूडी अ‍ॅनिमेशनचं ओपनटून्झ पण फुकट, म्हणजे जपानच्या घिबली स्टुडिओत जे टून्झ वापरायचे त्याचंच २०१६ ला सगळ्यांसाठी खुलं केलेलं रूप. शिकवणारे तर विचारूच नका, खान अकॅडमीवर पिक्सारची माणसं कॅरेक्टर कसं घडवायचं इथपासून केस कसे हलवायचे इथपर्यंत सगळं समजावून सांगतात आणि वर एक रुपया मागत नाहीत. जळगावात एका क्लासवाल्याने जी फी सांगितली होती तिच्यात आमच्याकडे चांगली दुभती म्हैस येते, म्हणून मी ठरवलं ऑनलाइनच शिकायचं. आणि हे घरात कळलं तिथून भोग सुरू झाले.

कारण घरात नाना आहेत. नाना म्हणजे माझे चुलते, केळीचे व्यापारी, यांच्या मते जगात दोनच धंदे, एक केळीचा आणि दुसरा रिकामा. एकदा मागे येऊन उभे राहिले, स्क्रीनवर डोनट. आता ब्लेंडर शिकणारा जवळपास प्रत्येकजण आधी युट्यूबवरच्या ब्लेंडर गुरू चॅनेलचं ट्युटोरियल लावून डोनटच करतो, जगभरची रीतच आहे ती, पण नानांना कोण सांगणार? "काय करून राह्यला? हा मेदूवडा कशाले?" मी म्हटलं नाना, शिकतोय. "मंग आपल्या केयीचं काढ ना एक. नाचनारं. व्हाट्सअपवर टाकू, ट्रकवर लावू." ट्रकवर नाचणारं केळं कसं लावायचं हे विचारायची आपल्याकडे सोय नसते.

बरं, केळं कॅरेक्टर म्हणून वाईट नाही. ड्रॉइंग शिकवणारे सगळे लाइन ऑफ अ‍ॅक्शन, लाइन ऑफ अ‍ॅक्शन करून डोकं खातात, म्हणजे पोजमधून जाणारी एकच सलग वळणदार रेघ, आधी ती मारायची आणि मग हात-पाय. केळ्यात ती रेघ जन्मजातच. दुसरी परीक्षा सिलुएटची, कॅरेक्टर पूर्ण काळ्या रंगाने भरायचं आणि नुसत्या बाहेरच्या आकारावरून ओळखू येतंय का बघायचं. माझं केळं पहिल्या फटक्यात पास. मी खूश होऊन नानांना दाखवलं.

"कायं केयं कोन घेईन रे? माल सडला म्हनतीन लोकं!"

म्हटलं नाना, ही परीक्षा असते. "परीक्षा घरी घे, ग्रुपवर नको टाकू." विषय संपला.

मागे बाग दिसली पाहिजे म्हणून नेटवरून केळीच्या झाडाचं एक फुकटचं मॉडेल उतरवलं. दिसायला झकास, पानं हलतायत, उजेड मस्त. नानांनी चष्मा लावला आणि तीन सेकंदात निकाल दिला, "हा घड कोन उलटा टांगून गेला?" बघतो तर खरंच, त्या मॉडेलवाल्याने केळ्यांची टोकं जमिनीकडे केलेली. घड खाली लोंबतो पण फणीतली केळी वर वळतात, उजेडाकडे आणि गुरुत्वाकर्षणाच्या उलट, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला माहीत असतं. ज्याने ते बनवलं त्याने केळं फक्त सुपरमार्केटात बघितलं असणार. म्हणून सांगतो, फुकटचं मॉडेल घ्या, पण आधी खऱ्या वस्तूसमोर धरून बघा.

सगळ्यात छळ कशाने केला असेल तर चालण्याने. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोघांनी १९८१ च्या पुस्तकात अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वं सांगितली, ती युट्यूबवर अ‍ॅलन बेकरने इतकी सोपी करून सांगितलीत की बघताना वाटतं हात्तिच्या, एवढंच होय. मग स्वतः करायला बसा. पाय टेकला, शरीर खाली गेलं, एक पाय दुसऱ्याशेजारून गेला, शरीर वर आलं, या चार पोज बरोबर जमल्या तरी माझं केळं चालायचं नाही, तरंगायचं. वजनच नाही ना त्याला! शेवटी बागेत जाऊन बसलो. घड वाहणारा मजूर बघा कधी, खांद्यावर चुंबळ, तिच्यावर घड, तो खांदा खाली, कंबर उलट्या बाजूला काढलेली आणि पावलं आखूड, भराभर, थांबला की घड जास्त जड लागतो म्हणून थांबतच नाही. लाइन ऑफ अ‍ॅक्शन याच नावाची एक साइट आहे, तिथे तीस-तीस सेकंदांचं घड्याळ लावून पोज काढायची सवय केली होती, ती इथे कामाला आली, कारण मजूर काही पोज देऊन उभा राहत नाही. माझ्या मते शिकणाऱ्याने बाकीचे सेव्ह करून ठेवलेले शंभर व्हिडिओ डिलीट केले तरी चालतील (बघणार नाहीच आहात), पण ही साइट ठेवा.

मग रेंडर, म्हणजे केलेल्या कामाची कॉम्प्युटरकडून पक्की चित्रं काढून घेणं. ब्लेंडरमध्ये सायकल्स नावाचं रेंडर इंजिन प्रकाशाचा एकेक किरण कुठून कुठे गेला त्याचा हिशोब करतं, चित्र सुंदर येतं आणि लॅपटॉपवर पापड भाजता येतो. त्यात बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा. ब्लेंडरमधल्याच ईव्ही नावाच्या दुसऱ्या इंजिनवर करा, लवकर उरकतं. आणि थेट व्हिडिओ म्हणून कधीच रेंडर मारू नका, एकेक फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, पीएनजी फाइल म्हणून साठवा, लाईट गेली तर तेवढी एक फ्रेम जाते, बाकीच्या जागेवर. परदेशातले मास्तर हे क्रॅश होतं म्हणून सांगतात, आपल्याकडे कारण वेगळं पण औषध तेच. कूलर कोणाकडे फिरवायचा यावरून आजीशी माझं भांडण झालं ते वेगळंच. आजी म्हणे मशीनले कसली गर्मी होते.

एवढं होऊन केळं नाचलं. नानांनी ते बघितलं, हसले नाहीत, पण परत लावायला लावलं, म्हणजे आवडलं. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर गेलं, तिथून मध्य प्रदेशातल्या कुठल्या पार्टीकडे गेलं, आणि आता नवीन ऑर्डर आलीय, केळ्याला बोलतं कर. आवाज नानांचाच, त्यांनी लगेच रेकॉर्ड करून पाठवला पण. चार मिनिटांचा. सेकंदाला बारा चित्रं धरली तरी दोन हजार आठशे ऐंशी होतात, आणि त्यातली निम्मी तर केळं ट्रक ड्रायव्हरला शिव्या देतंय.