क्लेपची इकॉनॉमिक्स पाठ करून निघत नाही

परवा एका मैत्रिणीचा फोन आला, क्लेप मॅक्रोला, म्हणजे इथे अमेरिकेत कॉलेजचं क्रेडिट मिळवून देणाऱ्या इकॉनॉमिक्सच्या परीक्षेला बसतेय, दोन वीकेंड पुरतील ना गं? तिला कोणीतरी सांगितलंय की फ्लॅशकार्ड्स पाठ कर, सोपं असतं. मला अगदी राहवलं नाही म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण मी हेच ऐकून 2025 च्या जानेवारीत बसले होते आणि 46 आले होते. स्कोअर 20 ते 80 मध्ये असतो, बहुतेक कॉलेजांना 50 लागतात. शेवटचं बटण दाबलं की तिथेच स्क्रीनवर आकडा येतो. पार्किंगमध्ये गाडीत बराच वेळ नुसती बसून होते, घरी काय सांगू हेच कळेना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलेज प्रवेशाची एसएटी परीक्षा घेणारं जे कॉलेज बोर्ड आहे त्यांचीच ही परीक्षा, 1967 पासून चालू आहे. वर्गात न बसता परीक्षा द्यायची आणि सुरुवातीच्या कोर्सचं क्रेडिट घ्यायचं. इकॉनॉमिक्समध्ये मायक्रो (सूक्ष्म) आणि मॅक्रो (स्थूल) अशा दोन वेगळ्या, प्रत्येकी 80 प्रश्न, 90 मिनिटं, साधारण तीन क्रेडिट. चुकलं तर मार्क कापत नाहीत म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. माझं एस.वाय. बी.कॉम.ला लग्न झालं आणि शिक्षण सुटलं ते सुटलंच, इथे न्यू जर्सीत मुलं मोठी झाल्यावर कम्युनिटी कॉलेजला अकाउंटिंगला नाव घातलं, तेव्हा एक-एक क्रेडिटची फी बघून छातीत धस्स व्हायचं. त्यात ही परीक्षा 2025 मध्ये शंभर डॉलरच्या आत होती, वर सेंटरची फी वेगळी. मॉडर्न स्टेट्स नावाच्या संस्थेचा फुकट ऑनलाइन कोर्स पूर्ण केला तर परीक्षेच्या फीचं व्हाउचर मिळतं, ते जरूर घ्या.

पण माझं चुकलं कुठे ते सांगते. मला वाटलं बारावीला इकॉनॉमिक्समध्ये ऐंशीच्या वर होते, व्याख्या अजून पाठ आहेत, काय अवघड आहे. "इतर परिस्थिती स्थिर असताना" पासून सुरू होणारा मागणीचा नियम मी आजही झोपेत म्हणून दाखवीन. आणि ही परीक्षा व्याख्या विचारतच नाही हो! ती विचारते की फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, बाँड विकत घेतले तर व्याजदराचं काय, गुंतवणुकीचं काय, उत्पादनाचं काय, आणि पर्यायात तीन-तीन रकाने, वाढेल-कमी होईल-वाढेल, असे पाच पर्याय. साखळीतली एक कडी उलटी धरली की सगळं गेलं, आणि एका प्रश्नाला पुरतं सव्वा मिनिटही मिळत नाही.

नापास झालं की तीन महिने परत बसता येत नाही. ते तीन महिने मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढले, पेन्सिल आणि मुलाची उरलेली आलेखाची वही घेऊन. तेव्हा बर्ड फ्लूने कोंबड्या माराव्या लागत होत्या आणि मार्चमध्ये अंड्यांचा सरासरी भाव डझनाला सहा डॉलरच्या वर गेला होता. आमच्याकडे रविवारी बारा अंड्यांची भुर्जी व्हायची ती सहावर आली. एका संध्याकाळी वहीत ते काढायला बसले, आधी मागणीचा वक्र डावीकडे सरकवला, कारण आम्ही कमी घेतोय ना! मग थांबले. आमची आवड कमी झालीच नव्हती. सरकला होता पुरवठ्याचा वक्र, आणि आम्ही आमच्याच मागणीच्या रेषेवरून वरच्या बिंदूला गेलो होतो.

आणि तेव्हा, बारावीनंतर चोवीस वर्षांनी, मला "मागणीतील विस्तार-संकोच" आणि "मागणीतील वृद्धी-ऱ्हास" यातला फरक कळला. आठवतंय ना, फरक स्पष्ट करा, मधे उभी रेघ मारून दोन्हीकडे मुद्दे? मी त्याचे पूर्ण मार्क घेतले होते. किंमत बदलली की त्याच वक्रावर सरकायचं, बाकी काही बदललं की अख्खा वक्र हलतो, एवढंच होतं ते, आणि "इतर परिस्थिती स्थिर" हे शब्द त्यासाठीच होते. हे एक नीट बसलं की अर्धी मायक्रो आणि मॅक्रोतलं एकूण मागणी-एकूण पुरवठा हातात येतं, हे मी खात्रीने सांगते. म्हणून माझा आग्रह आहे की व्हिडिओ कमी बघा आणि आकृत्या स्वतः काढा, रोज पाच, न बघता, अक्षांना नावं देऊन. परीक्षेत कच्चा कागद मिळतो, त्यावर प्रत्येक वेळी काढा, डोक्यात करू नका.

सेकंडहँड पुस्तक घेताना वर्ष बघा. जुन्या पुस्तकात बँकेने ठेवींतले दहा टक्के राखून ठेवायचे असं शिकवतात, पण फेडने मार्च 2020 मध्ये ती अट शून्यावर आणली, आता बँकांच्या राखीव पैशावर व्याज देऊन दर सांभाळतात. एक भागिले दहा टक्के, म्हणजे ठेवीच्या दहापट पैसा तयार होतो, हे गणित तरीही आलंच पाहिजे. आणि सगळ्यात आधी, पैसे भरायच्या आधी, तुमचं कॉलेज हे क्रेडिट घेतं का आणि किती स्कोअरला, ते लेखी विचारून घ्या. पुढे चार वर्षांच्या कॉलेजला जायचं असेल तर त्यांनाही विचारा, प्रत्येकाचे नियम वेगळे.

एक गोष्ट मात्र अजून मनातून जात नाही. बेरोजगारीचा धडा वाचताना कळलं की गेल्या चार आठवड्यांत काम शोधलं नसेल तर तो माणूस बेरोजगारही नाही, त्याला श्रमशक्तीतच धरत नाहीत. मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, नऊ वर्षं घरी होते, कामाची परवानगी नव्हती. घर, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण, यातलं काहीच जीडीपीत नाही. त्या दोन ओळी मी परत परत वाचल्या आणि समासात स्वतःचं नाव लिहिलं.

मे मध्ये परत बसले, त्यावर दोन प्रश्न आले, दोन्ही क्षणात सोडवले. स्कोअर 61 आला. आता मायक्रोची तयारी चालू आहे. एडिसनच्या आसपास कोणी बसणार असेल तर शनिवारी सकाळी माझ्याकडे या, चहा मी करते, वही आणि पेन्सिल तुमची आणा.