ई-कोडवाला मेसेज : मीच पाठवला होता, म्हणून हा खुलासा

परवा आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर मी एक यादी टाकली होती : खाण्याच्या पाकिटांवर आत घातलेल्या रंग, आम्ल वगैरे पदार्थांचे जे ई-कोड (क्रमांक) असतात, त्यातले ई १०० पासून ई ४७१ पर्यंतचे सगळे म्हणजे डुकराची चरबी, मुस्लिम शेजाऱ्यांनी सावध राहावं. ती यादी चूक आहे. समोरच्या चाचींनी ईदच्या शिरखुर्म्याआधी किराणा बाजूला काढून ठेवला, तेव्हा मला लाज वाटली.

ई १०० म्हणजे हळदीतला पिवळा रंग. हो, आपली हळद! ई ३०० क जीवनसत्त्व, ई ३३० सायट्रिक अ‍ॅसिड. ई ३२२ लेसिथिन, बहुधा सोयाबीनचं.

प्रश्न खरा आहे तो ४७१ चा. ब्रेड, आइस्क्रीममधला हा इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ) पामसारख्या तेलापासूनही होतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. नुसत्या आकड्यावरून कळत नाही. पण भारतात दूध-मधासारखे अपवाद सोडले तर प्राणिजन्य घटक असलेल्या पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका लावता येत नाही. रावपुऱ्यातून आणलेलं ब्रेडचं पाकीट मी उलटून पाहिलं : 'इमल्सिफायर (४७१)', आणि पुढे हिरवा ठिपका. म्हणजे डुकराची चरबी नाही.

मात्र हिरवा ठिपका म्हणजे हलालचा शिक्का नव्हे. फ्लेवरमधल्या अल्कोहोलबद्दल तो काही सांगत नाही. ई १२० हा किड्यांपासूनचा लाल रंग, त्यावर उलेमांमध्येच (मुस्लिम धर्मपंडितांमध्ये) मतभेद आहेत. ते त्यांनाच विचारावं, मला नको. परदेशी पाकिटावर ठिपका नसेल, तर कंपनीला विचारा.

जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा टाका.