दळण, चिरोटे आणि तुमची काडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडून, दुसऱ्यांदा चहा घेऊन. मागचा लेख निकेल आणि ॲल्युमिनियमची भुकटी बॉल मिलमध्ये, म्हणजे पोलादी गोळ्या भरलेल्या भांड्यात, एकत्र दळण्याबद्दल होता. तुमचे आक्षेप दोन. 'बॉल मिलमध्ये दळलं की धातूची भुकटी बारीक होते, म्हणून लवकर पेटते' हे माझं वाक्य चूक आहे. सूक्ष्मदर्शकाखाली दळलेले कण मूळच्याएवढेच, कधी तर मोठेच दिसतात, म्हणजे दळल्याने ज्वलनात काही फरक पडत नाही. आणि मी लोकांना उगाच घाबरवतो. तुमच्याकडे ॲल्युमिनियमची भुकटी वर्षानुवर्षं डब्यात पडून आहे, काडी लावली तरी ढिम्म.

ते वाक्य चुकलंच. गहू ठिसूळ, चक्कीत फुटतो, त्याचं पीठ होतं. निकेल आणि ॲल्युमिनियम तसे नाहीत (हे दोन एकमेकांशी संयोग पावतात आणि उष्णता सोडतात, तेच इथलं ज्वलन). पोलादी गोळ्यांच्या माऱ्याखाली ते आधी चेपतात, एकमेकांना चिकटतात, मग तुटतात, पुन्हा चिकटतात. कण बारीक होईलच असं नाही.

पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. तुम्ही कण बाहेरून पाहिलात. तीच भुकटी राळेत बसवा, घासून गुळगुळीत करा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिचा काप बघा: निकेलचे उजळ आणि ॲल्युमिनियमचे काळपट पदर एकाआड एक. चिरोटाच. चिरोटा केवढा आहे यावर त्याचा खुसखुशीतपणा ठरत नाही, पदर किती पातळ सुटले यावर ठरतो. इथेही तेच. पदर 10 मायक्रॉनवरून 100 नॅनोमीटरवर आला तर तो 100 पट पातळ झाला. पण अणूंना पलीकडे झिरपायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे तो 10,000 पटींनी घटला. शिवाय ॲल्युमिनियमच्या अंगावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दळताना फाटतो आणि धातूला धातू उघडा भिडतो. नुसतं ढवळून केलेलं मिश्रण साधारण 640 अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे ॲल्युमिनियमच्या बाजूला द्रव तयार होईपर्यंत, थांबून राहतं. दळलेलं त्याच्या कित्येक शे अंश आधीच, घनावस्थेतच पेट घेतं.

दळल्याने उष्णता मात्र वाढत नाही, हे मागच्या लेखात सांगायचं राहूनच गेलं. दोन्ही धातूंचे अणू समसमान घेतले तर एका ग्रॅमला सुमारे 1380 जूल मिळतात. दळून उलट थोडे कमीच, कारण थोडा भाग भांड्यातच संयुग होऊन बसतो. उंबरठा तेवढा खाली येतो. या ज्वलनात ज्वाळाही नसते. दाबून केलेल्या वडीच्या एका टोकाला तापवलं की विस्तवाची रेघ सरसर दुसऱ्या टोकाला जाते. दळण फार लांबलं तर सगळं मिश्रण भांड्यातच गुपचूप संयुग बनून जातं, किंवा एका क्षणात भडकतं. असा भडका मायकेल ॲट्झमन यांनी 1990 मध्ये चालू मिलमधल्या तापमानाच्या उसळीवरून टिपला होता.

आता तुमची काडी. ढिगातल्या जाडसर ॲल्युमिनियमला ती पुरत नाही, हे खरं. पापुद्रा दोन-चार नॅनोमीटरचाच, पण तो वितळतो 2000 अंशांच्या वर. त्यात ढिगाच्या पोटात हवा कमी, आणि दिलेली उष्णता धातू झटकन पसरवून टाकतो. पण तीच भुकटी हवेत उडाली की प्रत्येक कणाभोवती हवा असते. लोखंडाची भुकटी तर याहून मंद. दिवाळीच्या फुलबाजीतल्या सोनेरी ठिणग्या तिच्याच, आणि त्या आपण पोरांच्या हातात देतो. तरी अमेरिकेत टेनेसीतल्या गॅलॅटिन इथे, लोखंडाची भुकटी करणाऱ्या कारखान्यात, 2011 च्या जानेवारी ते मे या काळात तीनदा भडका उडाला आणि पाच कामगार गेले. तिथे काडी कुणी लावली नव्हती. तुळयांवर, यंत्रांवर बसलेली धूळ उडायचा अवकाश होता; तिसऱ्या वेळी ती आधी झालेल्या हायड्रोजनच्या स्फोटाने उडाली.

आणि आर्गॉनमध्ये, म्हणजे कशाशीच संयोग न पावणाऱ्या वायूत, दळलेली भुकटी तुमच्या डब्यातल्या भुकटीसारखी नसते. तिचे ताजे, उघडे पृष्ठभाग हवेसाठी वखवखलेले असतात. आमच्या प्रयोगशाळेत एकाने भांडं गार व्हायची वाट न बघता झाकण काढलं, तेव्हा कडेला एक लाल ठिपका दिसला आणि बघता बघता सगळा ढीग लालभडक. सुदैवाने तो चमचाभरच होता. कोरडी वाळू हाताशी होती. पाणी ओतलं असतं तर हायड्रोजन सुटून प्रकरण वाढलं असतं. तेव्हापासून भांडं आर्गॉनच्या पेटीतच उघडतो, आणि हवा आत सोडतो ती हळूहळू, थोडी थोडी, म्हणजे कणांवर पापुद्रा पुन्हा धरतो.

मूळ लेखातलं वाक्य आज बदललं आहे: 'बारीक होते' काढून 'आतले पदर पातळ होतात' असं केलंय. घाबरवण्याबद्दलचा परिच्छेद मात्र आहे तसाच ठेवतोय.