दप्तरं देतो म्हणतात, पगार मागू नका

परवा संस्थेच्या मदतनिधीच्या अर्जाला आणखी एक नकार आला. मुंबईच्या कंपनीचा. भाषा गोड, तुमचं काम खूपच प्रेरणादायी आहे वगैरे, आणि तळाला खरं कारण: प्रति मूल खर्च जास्त वाटतो आणि बजेटमध्ये पगारांचा वाटा फार आहे. अहो, अत्याचार सोसलेल्या मुलांसोबत काम करणारी संस्था पगारावर नाही तर कशावर खर्च करणार? त्या मुलाशी बोलायला माणूस लागतो. खुर्ची बोलत नाही.

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. आज मुद्देसूद वगैरे होणार नाही.

संस्था आमची छोटी. गोव्यात फोंड्याकडे दोन खोल्या, एक गोदरेजचं कपाट, आणि पावसाळ्यात कागद ओढायचं बंद करणारा प्रिंटर. मुलं येतात ती कधी बालकल्याण समितीकडून, कधी शाळेतल्या एखाद्या बाईंमुळे, कधी आजी हाताला धरून आणते आणि दारातच सांगते, घरात कोणाला कळता कामा नये. आम्ही काय करतो ते प्रपोजलच्या तीनशे शब्दांच्या चौकटीत कधीच मावत नाही. म्हणून इथे सांगते.

तक्रार झाली की मूल आधी पोलिसांना सांगतं. मग बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, तपासणी. मग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जबाब, समितीसमोर हजेरी, आणि शेवटी न्यायालय. एवढ्या ठिकाणी एवढ्या अनोळखी मोठ्या माणसांसमोर तेच तेच. या सगळ्या वाटेवर शेजारी बसलेलं माणूस एकच असावं, तेवढंच आम्ही बघतो. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, 35व्या कलमात आहे की मुलाची साक्ष 30 दिवसांत नोंदवावी आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवावा. त्या ‘शक्यतो’वरच सगळं घोडं अडतं. तक्रार केली तेव्हा आठवीत असलेल्या पोरीला साक्षीचं समन्स यायचं ते ऐन बारावीच्या परीक्षेत, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. मधल्या वर्षांत तिनं महत्प्रयासानं सगळं मागे टाकलेलं असतं. तो कागद घरी आला की पुन्हा झोप उडते, जेवण तुटतं, आणि रात्री अकराला आमच्या काउन्सेलरचा फोन वाजतो. या फोनची नोंद कुठल्या तक्त्यात करायची? तक्त्यात रकाना आहे ‘घेतलेल्या कार्यशाळा’.

एक मुलगी यायची. आली की पहिला अर्धा तास टेबलावरच्या स्टेपलरच्या पिना डबीत ओळीनं लावत बसायची. तोंडातून शब्द नाही. आमची काउन्सेलर समोर बसून आपली कामं केल्यासारखी करायची. असं कितीतरी आठवडे. मग एके दिवशी पिना लावता लावताच पोरीनं विचारलं, “हांव हांगा येतां तें ताका कळटलें?” (मी इथे येते ते त्याला कळेल?) त्या दिवशी काम सुरू झालं. आता ही गोष्ट तिमाही अहवालात कशी जाते, तर: सत्रे अमुक, निष्पत्ती निरंक. आणि पैसे देणाऱ्यांकडून प्रश्न येतो, एका मुलाला इतकी सत्रं का लागतात, गटात घेता येणार नाही का?

गटात! हे विचारणाऱ्याच्या पोराला दात दुखला तर तो गटात डॉक्टरकडे पाठवेल का?

बरं, पगार म्हणजे काय आम्ही डोंगर मागतो? एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात एमए, झालेली, कोकणी-मराठी-हिंदी तिन्ही बोलणारी, पोलीस ठाण्यात उभं राहून न घाबरता बोलू शकणारी बाई हवी, आणि ती टिकायला हवी. तिला आम्ही जे देतो ते सांगायची मला लाज वाटते. त्यावर सल्ला येतो, व्हॉलंटियर घ्या ना, कॉलेजची मुलं उत्साही असतात. असतात हो, गुणी पोरं असतात. पण ज्या मुलाचा मोठ्या माणसांवरचा विश्वासच उडालाय त्याच्यासमोर दर दोन महिन्यांनी नवा चेहरा आणून बसवायचा? आणि परीक्षा आली की तो चेहरा गायब? सरकारनं 2020च्या पॉक्सो नियमांतच सपोर्ट पर्सनची, म्हणजे खटला संपेपर्यंत मुलासोबत राहणाऱ्या माणसाची, तरतूद केली आणि त्याचं मानधन कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी असू नये असंही लिहिलं. म्हणजे कायद्याला हे कळतं. पैसेवाल्यांना सेवाभाव हवा. सेवाभाव आम्ही करायचा, फोटो त्यांनी लावायचा.

आणि ते पाच टक्क्यांचं तुणतुणं! दर दुसरा सीएसआरवाला, म्हणजे कंपनीचा समाजकार्याचा पैसा वाटणारा, मान हलवत सांगतो, मॅडम, नियमाप्रमाणे अ‍ॅडमिन खर्च पाच टक्क्यांवर जाता येत नाही. अरे बाबा, तो नियम एकदा उघडून तरी वाचा. 2021च्या दुरुस्तीतली ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीनं स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासनावर केलेल्या खर्चाला आहे. प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं, याचा थेट खर्च त्या व्याख्येतच येत नाही, असं तिथेच छापलंय. काउन्सेलर हाच आमचा प्रकल्प आहे. तिला अ‍ॅडमिनमध्ये टाकायचं म्हणजे इस्पितळाला सांगायचं, इमारत बांधून देतो, डॉक्टर तुमचे तुम्ही बघा. हे मी एका बैठकीत बोलले. साहेब हसले. म्हणाले, पॉइंट आहे. पैसे दिले नाहीत ते नाहीतच.

आता फोटो. यावर माझा तोल जातो, आधीच सांगते.

मंजुरीच्या पत्रात एक अट असतेच: उपक्रमाची छायाचित्रं, लाभार्थ्यांसह, हाय रिझोल्यूशन. मी लिहिते, अत्याचारपीडित मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. बालन्याय कायद्याचं कलम 74, पॉक्सोचं कलम 23. नाव, पत्ता, शाळा, फोटो, काहीही नाही. यावर उत्तर काय यावं? “चेहरा ब्लर केला तर चालेल का?” नाही चालणार. गोव्यातल्या वाड्यावर पोराला त्याच्या चालीवरून ओळखतात, कुणाच्या घरचा तो ते फ्रॉकच्या कापडावरून सांगतात. “मग पाठमोरा?” नाही. “मग मुलांचे हात तरी, रंग लावलेले?” एका बाईंनी तर विचारलं, एखादं मूल आमच्या वार्षिक कार्यक्रमात येऊन स्वतःची कहाणी सांगेल का, लोकांना भिडेल. मिरामारच्या बाजूला कुठल्यातरी हॉटेलात, जेवणाआधी. मी फोन ठेवला. दोन मिनिटं भिंतीकडे बघत बसले आणि मग पुन्हा फोन लावून नम्रपणे नाही म्हटलं, कारण पुढच्या वर्षी पुन्हा त्यांच्याच दारात जायचंय.

आणि हे गोव्यात विचारायचं! 1991 साली मडगावात फ्रेडी पीट पकडला गेला. अनाथ मुलांना आसरा देतो म्हणून सांगायचा. त्याच्या घरात मुलांच्या अश्लील फोटोंचा ढीग सापडला. 1996 साली त्याला जन्मठेप झाली. पॉक्सो यायच्या कितीतरी आधी, 2003 साली, गोव्यानं स्वतःचा बाल कायदा केला तो या पार्श्वभूमीवर. मुलांचे असले फोटो हाती आले तर पोलिसांना कळवायची जबाबदारी त्या कायद्यानं फोटो डेव्हलप करणाऱ्या स्टुडिओवाल्यावरसुद्धा टाकली. मुलाचा फोटो ही काय चीज आहे ते या राज्यानं इतकी किंमत मोजून शिकलंय. आणि मी 2 एमबीच्या आत जेपीजी पाठवू?

पुढचा नकार मात्र खास आपला, गोंयचा. “गोवा? तिथे काय प्रॉब्लेम असणार?” दरडोई उत्पन्नात गोवा वरच्या रांगेत. केंद्रानं 2018 साली काढलेल्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत 112 जिल्हे आहेत आणि गोव्याचा त्यात एकही नाही. झालं! कंपन्यांच्या पोर्टलवर राज्य निवडायच्या यादीत कित्येकदा गोवा नसतोच. लग्नाला गोवा, ऑफसाइटला गोवा, थर्टी फर्स्टला गोवा, मांडवीत कॅसिनोच्या बोटी दिवाळीसारख्या उजळलेल्या, आणि पैसे द्यायची वेळ आली की गोवा नकाशावरून गायब. श्रीमंत राज्यात बापाचा हात पोरावर पडत नाही की काय? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 13 राज्यं होती, त्यात गोवाही होता. एकूण मुलांपैकी 53.22 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं होतं. हा आकडा लिहिला की शेरा येतो: डेटा जुना आहे, मागच्या तीन वर्षांतला द्या. मी देऊ? वाड्यावाड्यांवर फिरून? कुठल्या पैशांनी?

पूर्वी खाणी चालायच्या तेव्हा खाणवाल्यांकडून थोडंफार यायचं. 2012ला खाणी थांबल्या, 2018ला सर्वोच्च न्यायालयानं 88 लीज रद्द केल्या, तो झरा आटला. डिचोली, सांग्याकडे ट्रक दारात गंजत उभे राहिले, घरात हप्त्यांचे तगादे आणि दारू. अशा घरांत पोरांवर काय गुदरतं ते आम्हाला विचारा. म्हणजे पैसे आटले आणि काम वाढलं.

प्रवासखर्चाला कात्री तर ठरलेलीच. “गोवा एवढासा, प्रवास कसला?” त्या साहेबाला गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणातल्या आतल्या गावातून कोर्टाच्या तारखेला सकाळी दहा वाजता पणजीत उभं करायला हवं. पहाटेची बस, मडगावला उतरायचं, पणजीच्या शटलच्या रांगेत उभं राहायचं, सोबत आई, तिचा दिवसाचा रोज बुडालेला, आणि पोर बसमध्ये ओकतंय. पोचल्यावर कळतं, पुढची तारीख. संध्याकाळी गावात जाणारी शेवटची बस चुकली तर रिक्षा. रिक्षावाला पावती देत नाही, आणि पावती नाही म्हणून ऑडिटर तो खर्च मानत नाही.

सरकारी अनुदानाचं काय सांगू. सरकारच्या दर्पण पोर्टलवरचा संस्थेचा नंबर, 12एबी आणि 80जी ही आयकर सवलतीची प्रमाणपत्रं, तीन वर्षांचे ऑडिटेड ताळेबंद, ट्रस्टींचे पॅन, सगळं दरवेळी नव्यानं, जणू मागच्या वर्षी दिलेले कागद पावसात वाहून गेले. पहिला हप्ता वर्ष संपत आलं की येतो आणि त्याच श्वासात खर्चाचा दाखला मागतात. तोवर पगार कुठून दिले हे कोणी विचारत नाही. उसनवारीनं दिले, कार्यकारिणीतल्या एका बाईंच्या मुदतठेवीवर दिले. परदेशी पैशाचा तर विषयच नको. परदेशी देणग्यांच्या कायद्यात, एफसीआरएत, 2020 साली झालेल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं घेतलेला पैसा दुसरीला देताच येत नाही, म्हणजे मोठ्या संस्थांमार्फत आमच्यासारख्यांपर्यंत जे झिरपायचं तेही संपलं. त्या दुरुस्तीमागे कारणं असतील, मी नाही म्हणत नाही. पण फोंड्यातल्या दोन खोल्यांत बसून देशाला धोका कसा करायचा ते मला अजून जमलेलं नाही.

देणारे लोक वाईट असतात असं नाही. चवथीला कोणी तांदूळ आणून देतं, कोणी पोराच्या वाढदिवसाला केक. (केक नका आणू. आमच्याकडे येणारं मूल ‘अत्याचारवालं मूल’ म्हणून तुमच्या लेकराच्या हातून केक खायला बसत नाही.) वस्तूंना कधीच कमी पडत नाही. दप्तरं आहेत, कंपासपेट्या आहेत, लोगो छापलेल्या टोप्या आहेत. कपाटावर अजून न फोडलेले कॅरमबोर्ड आहेत. नाही ती काउन्सेलर. या महिन्यात तिनं राजीनामा दिला. एका खासगी शाळेत नोकरी लागली, दुप्पट पगार, मे महिन्याची सुट्टी. मी तिला थांब म्हटलं नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार? तिच्याकडच्या दोन मुलांची साक्ष जूनमध्ये आहे.

आणि आता मार्च. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फोन येतात, दरवर्षी येतात. वर्षभर आमच्या मेलला उत्तर न देणारे लोक एकदम गोड होतात, कारण सीएसआरचा पैसा 31च्या आत खर्ची पडायला हवा. काल वेर्ण्याच्या एका कंपनीतून आला. मॅडम, दोन लाख आहेत, उद्यापर्यंत कोटेशन पाठवाल का? मी म्हटलं, पाठवते, काउन्सेलरचा वर्षाचा पगार. तो गप्प. मग म्हणाला, “सॅलरी हेडखाली कठीण आहे हो. वॉटर कूलर चालेल?”