पदकाची पूर्वतयारी: पालकांसाठी काही सूचना

गेल्या रविवारी मुलीच्या शर्यतीसाठी जिल्हास्तरीय मैदानी स्पर्धेला गेलो असता, प्रसाधनगृहाच्या खिडकीत, जिथे साबण असायला हवा तिथे, तीन वापरलेल्या सिरिंज आणि एक रिकामी कुपी ओळीने मांडलेली दिसली. आपण काळाच्या किती मागे आहोत हे जाणवले, म्हणून हे चार शब्द.

मुलांना पहाटे पाचला मैदानावर धाडू नये. उगाच झोपमोड होते.

प्रशिक्षक निवडताना त्यांच्या गळ्यातली शिट्टी पाहू नये, कमरेचा पाऊच पाहावा. त्यात मेफेंटरमिन निघाले तर निश्चिंत व्हावे. भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब घसरल्यावर डॉक्टर जे वापरतात, ते ठणठणीत पोराला शर्यतीआधी टोचणारा माणूस वैद्यकशास्त्राच्या बराच पुढे गेलेला असतो.

तपासणी पथकाचे दडपण घेऊ नये. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर राज्य स्पर्धेत ‘नाडा’ या उत्तेजक द्रव्यांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे पथक आल्याचे कळताच खेळाडू असे पांगले की शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उरला. बाकीच्यांनी आपला सर्वोत्तम वेग फाटकाच्या दिशेने नोंदवला.

पकडले गेलात तर औषधाकडे बोट दाखवावे. माझ्या मुलीला दमा आहे. तिच्या हातातला पंप पाहून तिथले एक प्रशिक्षक हसत म्हणाले, “घेतात सगळेच, साहेब. तुमचीही ओढतेच की!” तिच्या पंपातले सॅल्ब्युटामॉल श्वासावाटे 24 तासांत 1,600 मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, ही मर्यादा आमच्या घरात पाढ्यासारखी पाठ आहे, बंदी असलेले औषध खरोखरच लागणाऱ्याला कागदपत्रे जोडून आधी सवलत मागावी लागते, आणि खोकल्याच्या औषधातल्या टर्ब्युटालिनपायी 2019 मध्ये पृथ्वी शॉला आठ महिन्यांची बंदी भोगावी लागली. आजारी खेळाडू थेंबाथेंबाचा हिशेब देतो. माझी मुलगी पंप ओढते तेव्हा ती जेमतेम इतरांच्या बरोबरीला येते, पुढे जात नाही. हा फरक न कळण्याइतके तुम्ही अडाणी नाही, सर. कोवळ्या पोरांच्या काळजाशी खेळता आणि वर एका दमेकरी मुलीच्या आडोशाला लपता, याची लाज वाटू द्या. आणि पालकहो, पोराच्या दंडावरची सुईची खूण तुम्हालाही दिसते. सरकारी नोकरीतले पाच टक्के क्रीडा आरक्षण डोळ्यांपुढे असते, म्हणून तुम्ही विचारत नाही.

मुलगी चौथी आली. पहिल्या तिघींवर संशय घेण्याचा मला अधिकार नाही. नमुने घ्यायला त्या मैदानावर कोणी फिरकलेच नव्हते.