नऊ व्होल्टचं लोणचं

अमेरिकेला परत जाताना भाच्याने आपला जुना हेडफोन मला देऊन टाकला. ३०० ओहमचा. फोनला लावला तर गाणं शेजारच्या बिल्डिंगमधून आल्यासारखं. "मामा, त्याला अँप्लिफायर लागतो," त्याने विमानतळावरून कळवलं. विकत आणून मोकळा झालो असतो. पण बारावीला इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्या माणसाची खुमखुमी पन्नाशीतही जात नाही.

सर्किट साधंच होतं. चू मोय नावाच्या गृहस्थांनी ते आखलं, म्हणून जगभर त्याला 'सीमॉय' म्हणतात. हौशी मंडळी ते पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवतात. नऊ व्होल्टची एक बॅटरी, तिचे दोन सारख्या रेझिस्टरनी साडेचार-साडेचार असे वाटे करायचे आणि भावाभावांच्या मधल्या बांधाला ग्राउंड म्हणायचं. बाकी सगळं काम ऑप-अँपचं, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या आठ पायांच्या एका चिपचं. त्याच्या पोटात दोन अँप्लिफायर, एकेका कानाला एक.

पुण्यातल्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, यादी पुढे केली. दुकानदाराने मला न्याहाळून विचारलं, "मुलाचा प्रोजेक्ट का?" "हो," म्हणालो. ऑप-अँपची ५५३२ नंबरची आयसी, म्हणजे चिप, मागितली एक, त्याने दिल्या तीन. त्याचा अनुभव दांडगा असणार.

सोल्डरिंगचा धूर तोंड कुठेही फिरवलं तरी नाकातच येतो. तासभर खोकून झिरो पीसीबी, म्हणजे नुसत्या भोकांची कोरी पट्टी, भरला, बॅटरी लावली. आवाज शून्य. आयसीला बोट लावलं आणि तव्यावरची पोळी उलटताना लागतो तसा चटका बसला. आयसीच्या डोक्याला एक छोटी खाच असते. ती डावीकडे हवी होती, मी उजवीकडे ठेवली होती. म्हणजे चार नंबरच्या पायाला प्लस आणि आठला मायनस. पहिली आयसी गेली.

दुसरी बसवली. कानात धबधबाच कोसळला! रेझिस्टर किती ओहमचा ते त्याच्यावरचे रंगीत पट्टे सांगतात, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात नारिंगी पट्टा आणि पिवळा पट्टा मला एकच दिसले होते. दहा किलोओहमच्या जागी शंभर, म्हणजे आवाज अकरा पटीऐवजी एकशे एक पट. चष्म्याचा नंबरही तेव्हाच कळला.

रेझिस्टर बदलला. धबधबा थांबला आणि त्यामागून कुणीतरी शांतपणे सोयाबीनवरच्या किडीविषयी बोलू लागलं. फोन तर जोडलेलाच नव्हता. इनपुटच्या वीतभर मोकळ्या तारा अँटेना झाल्या होत्या आणि आयसी घरबसल्या मीडियम वेव्हवरची आकाशवाणी पकडत होती.

"बघू," म्हणून आईने हेडफोन घेतला. रात्री जेवायलाच परत दिला.

उपाय म्हणजे धातूची डबी आणि तिला ग्राउंडची तार. आमच्याकडे पेपरमिंट कोण खातं? बायकोच्या टिफिनमधली लोणच्याची स्टीलची डबी नेमक्या मापाची निघाली. स्टीलला भोक पाडताना ड्रिलची दोन पाती बोथट झाली, ते जाऊ दे. पण झाकण लावलं आणि रेडिओ गप्प, गाणं स्वच्छ. तबल्यावरचं बोटसुद्धा ऐकू आलं. हेडफोनला कैरीचा हलका वास होता, एवढंच.

सकाळी बायको ओट्यापाशी डबे हुडकत होती. "अहो, माझी लोणच्याची डबी?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात आतून आई म्हणाली, "अरे, त्या डबीचं झाकण काढ बघू. भजनं लागायची वेळ झाली."