‘पाव’ कुणाचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

खायचा ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज ‘पांव’वरून (pão) आला, असं मी माझ्या लेखात लिहिलं होतं. त्याखाली आपण लिहिलंत : ‘पाव म्हणजे चौथा हिस्सा, मूळ संस्कृत पाद. मोठ्या रोटीचा चौथा भाग तो पाव. प्रत्येक गोष्ट पोर्तुगीजांच्या पदरात टाकायची तुमच्यासारख्या अर्धवटांची खोड जुनीच आहे.’

मत वेगळं असू द्या. पण ‘अर्धवट’ कशासाठी? आपली ना ओळख, ना देख. लेख न पटणं वेगळं आणि लिहिणाऱ्याची लायकी काढणं वेगळं. चुकलो असेन तर कुठे ते दाखवा, मी वाचेन. ‘तुमच्यासारखे’ म्हणजे कोणासारखे, हेही एकदा सांगून टाका.

एक मान्य. पावशेर आणि पावकिलो यांतला पाव ‘पाद’चाच. चार पायांतला एक पाय म्हणून चौथा हिस्सा. हिंदीतलं ‘पाँव’ही तिथूनच आलं. त्याला माझ्या लेखात कुठेही विरोध नाही. ‘देव पावला’ आणि ‘पावती’ यांतलं पावणं मात्र ‘प्राप्’चं. आणि खायचा पाव या दोघांहून वेगळा. मराठीत तिन्ही झिजून एका रूपात आले, एवढंच.

आता शेजारी बघा. गुजरातीत चौथ्या हिश्शाला ‘पा’ म्हणतात, पावशेराला पाशेर. खायचा तो ‘पांउ’, अनुस्वारासकट. बंगालीत चौथा हिस्सा ‘पोया’ आणि ब्रेड ‘पाउरुटी’. दोन्ही भाषांनी हे दोन शब्द आजवर वेगळे ठेवलेत. एकच शब्द असता तर ही फारकत आली कुठून? सिंहलीत ब्रेडला ‘पान’ म्हणतात. जपानीतही ‘पान’च, पोर्तुगीज 1543 साली तिथे पोहोचले. जपानी माणसाने संस्कृत ‘पाद’ झिजवून ‘पान’ केलं, असं आपल्याला म्हणायचंय का? पोर्तुगीज शब्दाच्या शेवटी नाकातला स्वर आहे. तो गुजरातीत अनुस्वार होऊन राहिला, सिंहली-जपानीत त्याचा ‘न’ झाला, मराठीत गळाला. पोर्तुगीजांकडे हा शब्द लॅटिन ‘पानिस’वरून आला. आणि मोठ्या रोटीच्या चौथ्या भागाचं म्हणाल, तर लादी तोडून पाव घेणाऱ्या मुंबईकराला विचारा, तो लादीचे चारच भाग करतो का.

पदराचं बोललात म्हणून घरचं सांगतो. माझं आजोळ गोव्यातल्या बार्देशातलं. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून उंडे नि पोयी असे पाव घेऊन वाड्यावर यायचा, ‘पोदेर’सुद्धा पोर्तुगीजच. माझ्या आजीने पाव स्वयंपाकघरात कधी येऊ दिला नाही. विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली, ही गोष्ट तिने लहानपणापासून ऐकलेली. आम्हा पोरांना पाव ओसरीवर बसून खावा लागे, आणि खाऊन झाल्यावर हात धुतल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नसे. त्या घरात पाव कुठून आला हे कुणाला शब्दकोशात बघावं लागलं नाही. पोर्तुगीजांचं प्रेम म्हणून मी हे लिहीत नाही. माझ्या माणसांनी ज्याचा एवढा विटाळ मानला, त्याचं मूळ निव्वळ बरं वाटावं म्हणून संस्कृतात नेऊन ठेवायला मी तयार नाही. हे अर्धवटपणाचं लक्षण असेल तर असो.

पाव फुगवायला सुराऐवजी, म्हणजे माडीऐवजी, आता यीस्ट वापरतात, हे तुमचं बरोबर आहे. लेखाची लांबी, मी निवडलेला फोटो, ‘कोकणी लोकांचा अभिमान’ वगैरे जे पुढे लिहिलंय, त्यात मला शिरायचं नाही. शेवटच्या परिच्छेदातली भाषा तर मी इथे परत उतरवणारही नाही.

‘पांउ’, ‘पाउरुटी’ आणि जपानचं ‘पान’ या तिघांचा उलगडा ‘पाद’वरून करून दाखवा. तोवर लेखातलं ते वाक्य आहे तसंच राहील, आणि पुढच्या प्रतिक्रियेत पुन्हा शिवी दिसली तर ती मी काढून टाकेन.